तातडीच्या रुग्णांवरून साथीचा आठवडी अंदाज कसा बांधायचा?

सातपूर_रात्रपाळी
नाशिकच्या सिडको, सातपूर आणि पंचवटी इथले आमचे तीन दवाखाने रात्री आणि रविवारी तातडीचे रुग्ण बघतात. दर सोमवारी आकडे जुळवून साथ चढतेय की उतरतेय हे कळायला हवं. फ्लूसारख्या तापाचे एका आठवड्यात 34, पुढच्या आठवड्यात 51. याला वाढ म्हणायची का?

नोंदवही
शेजारी एकूण रुग्ण लिहिलेत का? समजा, आधी एकूण 210 होते, म्हणजे 16.2 टक्के. पुढच्या आठवड्यात दिवाळी, आसपासचे दवाखाने बंद, तुमच्याकडे 320 आले, तर 51 म्हणजे 15.9 टक्के. साथ जागच्या जागी, वाढली ती गर्दी.

फ्लूसारख्या तापाची व्याख्या टेबलाच्या काचेखाली ठेवा: 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, सोबत खोकला, दुखणं गेल्या 10 दिवसांत सुरू झालेलं. जुलाबासाठी 24 तासांत 3 किंवा जास्त पातळ जुलाब. एक डॉक्टर ‘व्हायरल’ लिहितो, दुसरा ‘ताप’, तिसरा नुसता ‘घसा’. मग बेरीज कशाची करणार? पॅरासिटामॉल खाऊन आलेल्याचा ताप थर्मामीटरला दिसत नाही. त्याचा रकाना वेगळा.

त्याच दुखण्यासाठी पुन्हा आलेला रुग्ण त्या दुखण्याचे रुग्ण आणि एकूण रुग्ण, दोन्ही आकड्यांतून वगळा. आठवडा सोमवार ते रविवार. रविवारी रात्री साडेबाराला आलेला रुग्ण सोमवारचा. कंपाउंडर तो हमखास आदल्या पानावरच चढवतो.

गोदाकाठ
पंचवटीसाठी ‘बाहेरगावचा’ अशी खूण हवीच. रामकुंडावर आलेल्या भाविकाचे जुलाब त्या भागातल्या नळाच्या पाण्यावर ढकलले जातात. सिंहस्थात तर या खुणेशिवाय आकड्यांना अर्थच उरणार नाही. बाकीच्यांचा पत्ता महापालिकेच्या सहा विभागांप्रमाणे लिहिला तरी पुरे.

वयाचे गट चारच ठेवा: 0–4, 5–14, 15–64, 65 आणि पुढे. जास्त पाडलेत तर एकेका रकान्यात 8-9 रुग्ण उरतील. 9 चा आकडा निव्वळ योगायोगाने 3 ते 15 दरम्यान हलू शकतो, म्हणून एका आठवड्यावर बोलू नका. निदान तीन आठवडे सलग बघा.

पावसाळी_ताप
डेंग्यूची गल्लत टाळा. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लूही वाढतो आणि डेंग्यूही. खोकल्याशिवायचा ताप वेगळा मोजा. डेंग्यूच्या रक्तचाचण्यांपैकी एनएस1 (विषाणूचं प्रथिन शोधणारी) पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, त्यानंतर आयजीएम (शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं शोधणारी). रिपोर्ट नंतर आला म्हणून पहिल्या दिवशीची नोंद खोडू नका, निकालासाठी शेजारी रकाना ठेवा. नाहीतर जुने आठवडे दर सोमवारी बदलत राहतील आणि तुलनाच करता येणार नाही.

आणि गोवराचा संशय (ताप आणि अंगावर पुरळ) किंवा 15 वर्षांखालच्या मुलाच्या हातापायात अचानक आलेला लुळेपणा, यांना सोमवारची वाट बघायला लावू नका. त्याच दिवशी महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा.

सातपूर_रात्रपाळी
आभार. मग तिन्ही दवाखान्यांच्या टक्क्यांची सरासरी काढायची ना?

नोंदवही
नाही हो. एकाकडे 60 पैकी 12, म्हणजे 20 टक्के. दुसऱ्याकडे 240 पैकी 24, म्हणजे 10. सरासरी 15 येते, खरं प्रमाण 300 पैकी 36, म्हणजे 12. आधी बेरीज, मग टक्के. आणि एखादा दवाखाना आठवडाभर बंद असेल तर रकान्यात शून्य न लिहिता ‘बंद’ लिहा.