हौदाच्या तळाला काळे ठिपके: शेवाळ आहे की डाग? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आम्ही भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात राहतो. शेतातल्या घरामागे पोहायचा हौद बांधला आहे. २० फूट लांब, १२ फूट रुंद, पाणी ४ फूट, म्हणजे साधारण २७ हजार लिटर. आतून पांढऱ्या सिमेंटचा गिलावा, वाळूचा फिल्टर, पाणी घरच्याच बोअरचं. घरची आणि शेजारपाजारची लेकरं इथंच पोहणं शिकतात. बावनथडीच्या डोहात त्यांनी उतरू नये म्हणून तर हा सगळा खटाटोप. त्यामुळे या पाण्यात अंदाजाने काहीही ओतायची माझी तयारी नाही.

उन्हाळ्याच्या तोंडी पाणी काढून नवं भरलं. क्लोरीन टाकताच स्वच्छ पाण्याला कोऱ्या चहासारखी झाक आली. फिल्टर चालवल्यावर ती गेली, पण तळाला काळपट ठिपके दिसू लागले. पाणी आत येतं त्या नळीजवळ जास्त दाट. पायऱ्यांच्या कोपऱ्यातही ठिपके आहेत, तिथं आंब्याची सावली असते. पाणी मात्र नितळ आहे, तळ साफ दिसतो. पीएच (पाणी किती आम्ल-अल्क ते) ७.८, क्लोरीन १ ते २ पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) मध्ये.

आता ज्याला विचारावं तो वेगळंच सांगून राहिला. दुकानदार म्हणतो काळं शेवाळ आहे, क्लोरीनचा मोठा डोस द्या. शेतावरचा गडी म्हणतो मूठभर मोरचूद टाका. दीर म्हणतात, पाणी काढून ॲसिडने धुवा. मी वाचलं त्यावरून शेवाळ असेल तर क्लोरीन वाढवावं लागतं, आणि पाण्यातल्या धातूचा डाग असेल तर त्याच क्लोरीनने तो आणखी गडद होतो. म्हणून काहीही टाकण्याआधी हे नेमकं काय आहे, ते घरच्या घरी कसं ओळखायचं, एवढं कृपा करून सांगा.

प्रतिसाद

ताई, मी वरुडकडचा, संत्रावाला. मोरचुदाबद्दल तेवढं सांगतो. बोर्डो या फवारणीच्या मिश्रणासाठी आम्ही १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी घेतो. झाडावरच्या बुरशीला ते उत्तम, पण हौदात नको. मोरचुदात जवळपास चौथा हिस्सा तांबं असतं. त्याने शेवाळ मरतं हे खरं, पण तांबं पाण्यातच राहतं. पीएच चढला की ते गिलाव्यावर बसतं आणि निळे-हिरवे, कधी काळेसुद्धा डाग पडतात. पोरींचे केस हिरवट होतात ते वेगळंच. आधीच डाग कशाचा ते कळत नाही, त्यात आणखी एक धातू कशाला?

प्रतिसाद

नागपुरात हौदांच्या देखभालीचं काम करतो. ताई, तुम्ही आधी विचारलंत हे फार बरं केलंत.

तुमचा तालुका वाचूनच शंका आली. चिखला, डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या खाणी तुमच्याच भागातल्या. बोअरच्या पाण्यात विरघळलेलं लोह किंवा मँगनीज डोळ्याला दिसत नाही, क्लोरीन लागलं की रंग धरतं. लोहाची झाक तांबूस-पिवळी, मँगनीजची गडद तपकिरी ते काळी. तुमच्याकडची चहासारखी झाक तिकडेच बोट दाखवते. नळीजवळ दाट ठिपके, हेही त्यात बसतं.

पण तेवढ्यावर थांबू नका. ताठ ब्रश घेऊन ठिपका जोरात घासा. हिरवं किंवा पिवळसर शेवाळ ढगासारखं उठतं. त्यातलं पिवळं तर बारीक धुळीसारखं दिसतं, सावलीच्या भिंतीवर बसतं आणि घासल्यावर पुन्हा तिथंच येतं. काळं शेवाळ चिवट. हाताला उंचवटा लागतो, बुळबुळीत असतं. थोडं खरवडून पांढऱ्या कागदावर पुसलं तर हिरवट-काळा ओघळ उमटतो. गिलाव्याच्या छिद्रांत ते खोल धरून बसतं, म्हणून वरचं टोक निघालं तरी ठिपका पुन्हा वाढतो. डाग सपाट असतो, कागदावर काही येत नाही.

मग मेडिकलमधून व्हिटॅमिन सी ची साधी गोळी आणा आणि पाण्याखालीच एका ठिपक्यावर अर्धा मिनिट दाबून घासा. धातूचा डाग तिथल्या तिथे फिका पडतो, शेवाळावर काही होत नाही. दुसऱ्या ठिपक्यावर क्लोरीनची गोळी थोडा वेळ धरून बघा (गिलाव्यावर चालतं, फायबर किंवा प्लॅस्टिकच्या अस्तरावर नाही). त्याने फिकं झालं तर शेवाळ किंवा पानाफुलांचा डाग. आंब्याची पानं तळाशी कुजली की तपकिरी ठसे उठतात, तेही क्लोरीनने जातात.

ॲसिडने धुणं सगळ्यात शेवटी. त्यात गिलाव्याचा थर खाल्ला जातो आणि पुढचं शेवाळ त्याच खडबडीत जागी घर करतं.

प्रतिसाद

चंद्रपूरहून. आमच्याकडे पाण्यात लोह, म्हणून ही युक्ती: पांढऱ्या बादलीत ताजं बोअरचं पाणी घ्या, चिमूटभर क्लोरीन टाका, झाकून रात्रभर ठेवा. तळाला तांबडा किंवा काळा गाळ बसला तर धातू आहे. आकडा हवा असेल तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना द्या. पिण्याच्या पाण्यात मँगनीज लिटरला ०.१ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, हौदाला डाग पडायला त्याहून फार लागत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. बादलीच्या तळाला काळपट गाळ बसला. नळीजवळचा ठिपका व्हिटॅमिन सी ने पांढरा झाला, बघून जीव भांड्यात पडला. पण पायऱ्यांच्या कोपऱ्यातला तसाच राहिला. तो हाताला उंच लागतो आणि कागदावर हिरवा ओघळ आला. म्हणजे दोन्ही आहे! आधी कशाला हात घालू?

प्रतिसाद

(नागपूर) आधी शेवाळ, ताई. डागाच्या उपायात क्लोरीन शून्याजवळ आणावं लागतं. शेवाळ जिवंत असताना तसं केलं तर ते पूर्ण हौदात पसरेल.

पीएच ७.२ ला आणा. कोपरा स्टीलच्या ब्रशने घासून टोकं फोडा, मग क्लोरीन १० पीपीएमच्या वर न्या आणि रोज घासत तिथंच टिकवा. नळीजवळचे डाग तेवढ्यापुरते गडद होतील, घाबरू नका. घासायचे ब्रश, पोरांची खेळणी, पोहण्याचे कपडे त्याच पाण्यात बुडवून घ्या, शेवाळ त्यावरूनही परत येतं. टीसीसीए (क्लोरीनच्या गोळ्यांतलं रसायन) आणि ब्लीचिंग पावडर एकाच मगात कधीही मिसळू नका, पेट घेते.

कोपरा साफ राहिला की क्लोरीन आपोआप उतरू द्या. मग पंप चालू ठेवून पाव किलो ॲस्कॉर्बिक ॲसिड काठाकाठाने सोडा, लागलं तर आणखी थोडं. डाग गेले की धातू धरून ठेवणारं औषध टाका, पीएच परत वर आणा आणि क्लोरीन हळूहळू वाढवा. एकदम वाढवलं तर मँगनीज पुन्हा बसेल. क्लोरीन ३ च्या खाली आणि पीएच ७.२ ते ७.६ दिसेपर्यंत लेकरांना पाण्यात सोडू नका. पुढच्या वेळी बोअरचं पाणी थेट हौदात न घेता आधी टाकीत क्लोरीन देऊन निवळू द्या आणि फिल्टरमधून भरा.