मदत हवी आहे: कीबोर्डचा लेआउट बदलला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यासारखाच होतो

अपूर्णविराम
नमस्कार मंडळी. माझ्या डेस्कटॉपवरील कीबोर्डचा लेआउट आपोआप बदलतो. तीन वेळा सेटिंगमध्ये जाऊन तो नीट केला, त्या दिवशी सर्व काही सुरळीत चालले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू केले की पुन्हा भलतीच चिन्हे उमटू लागली. नवा कीबोर्ड आणूनही फरक पडलेला नाही, त्यामुळे कृपया तो सल्ला देऊ नये. उद्या एक मोठा मजकूर पूर्ण करून द्यायचा आहे आणि मी अक्षरशः वैतागले आहे. लेआउट कायमचा कसा बदलावा, एवढेच कोणी सांगेल का?

टेबलाखालचा
सांगता येईल, परंतु आपण काय सांगितले नाही याचीच यादी मोठी आहे. संगणकावर विंडोज आहे, लिनक्स आहे की मॅक? लेआउट कोणता होता, कोणता हवा आहे आणि कोणता येतो? 'भलतीच चिन्हे' म्हणजे नेमकी कोणती कळ दाबल्यावर नेमके काय उमटते? आणि सकाळी काम सुरू करता तेव्हा संगणक बंद अवस्थेतून सुरू होतो, की तो रात्रभर चालूच असतो?

दोन_बोटे
माझ्याकडेही असेच झाले होते. कळांखाली धूळ साचली होती. कीबोर्ड उलटा करून हलकेच झटकला, मऊ ब्रशने कळांच्या फटी साफ केल्या आणि तेव्हापासून एकही तक्रार नाही. बिनतारी असेल तर बॅटरीही बदलून पाहावी.

टेबलाखालचा
दोन_बोटे, धुळीमुळे कळ अडकते किंवा एकच अक्षर दोनदा उमटते. एका चिन्हाच्या जागी दुसरे ठरावीक चिन्ह उमटावे इतकी शिस्त धुळीला नसते. शिवाय त्यांनी कीबोर्ड नवा आणला आहे, हे पहिल्याच निवेदनात आहे.

अपूर्णविराम
विंडोज आहे, दुसरे काय असणार? अक्षरे आणि आकडे सगळे बरोबर येतात. शिफ्ट आणि २ दाबले की @ ऐवजी दुहेरी अवतरणचिन्ह येते, आणि अवतरणचिन्ह हवे असते तिथे @ येते. उलटी तिरपी रेघ तर कुठेच सापडत नाही, आणि फाइलींचे पत्ते लिहिताना मला ती सतत लागते. संगणक रात्री चालूच असतो. मराठी लिहिते तेव्हा काही अडचण येत नाही, म्हणून ते आधी लिहिले नव्हते.

सातवी_ओळ
आता चित्र स्पष्ट झाले. आपला कीबोर्ड अमेरिकी मांडणीचा आहे आणि विंडोज तो ब्रिटिश मांडणीचा समजून वाचत आहे. खात्री करायची असेल तर शिफ्ट आणि ३ दाबून पाहा. # ऐवजी पौंडाचे £ हे चिन्ह आले, तर निदान पक्के.

उलटी तिरपी रेघ का सापडत नाही, तेही सांगतो. ब्रिटिश कीबोर्डवर डावी शिफ्ट आणि झेड यांच्यामध्ये एक जादा कळ असते आणि एंटरची कळ दोन ओळी उंच असते. अमेरिकी कीबोर्डवर डावी शिफ्ट लांब, एंटर आडवी आणि ती जादा कळ मुळी नसतेच. विंडोजच्या ब्रिटिश लेआउटमध्ये \ हे चिन्ह नेमके त्या जादा कळेवर आहे. आपल्या एंटरच्या वर \ छापलेली कळ असेल, पण ती दाबल्यावर # उमटत असणार.

कळेवर काय छापले आहे हे संगणकाला ठाऊक नसते. कीबोर्ड फक्त 'अमुक जागेवरची कळ दाबली' एवढा क्रमांक पाठवतो, आणि त्या क्रमांकाचे चिन्हात रूपांतर विंडोजमधील निवडलेला लेआउट करतो. म्हणूनच कीबोर्ड बदलून आपला प्रश्न सुटला नाही.

मुक्त_खिडकी
विंडोज सोडून लिनक्स वापरावे. तिथे लेआउटची निवड एका साध्या मजकुराच्या फाइलीत एका ओळीत लिहिलेली असते. ती ओळ एकदा बरोबर लिहिली की पाठीमागून कोणी काही बदलत नाही. मी गेली कित्येक वर्षे त्या फाइलीकडे पाहिलेलेही नाही.

टेबलाखालचा
आणि वेलँड ही पडद्यावर खिडक्या दाखवणारी लिनक्सची नवी व्यवस्था आल्यानंतर, टर्मिनलमध्ये लेआउट बदलण्याची ती जुनी आज्ञा का चालत नाही, असे विचारणारे लोक कुठून येतात? तिथेही डेस्कटॉपच्या सेटिंगमध्येच जावे लागते. ज्यांना उद्या मजकूर द्यायचा आहे त्यांना आज रात्री संपूर्ण प्रणाली बदलायला सांगणे हा सल्ला नव्हे, ही शिक्षा आहे.

रेफ_रफार
मूळ प्रश्नाकडे कोणी पाहतच नाही. ताई मराठी लिहितात असे म्हणाल्या. कोणत्या पद्धतीने? इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कीबोर्ड मांडणी, नसेल तर आजच शिकायला घ्यावे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने, इतकी सरळ मांडणी आहे. के या कळेवर क, तीच शिफ्टसह दाबली की ख. आयवर ग आणि शिफ्टसह घ. एलवर त आणि शिफ्टसह थ. अल्पप्राणाच्या डोक्यावर महाप्राण, हे बाराखडी शिकलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. पाय मोडण्यासाठी डी, आणि मराठीचा ळ एनवर शिफ्टसह. अवतरणचिन्हे कुठे गेली याची चिंता करण्यापेक्षा हे शिकण्यात वेळ सत्कारणी लागेल.

अपूर्णविराम
मी फोनेटिक वापरते आणि त्यात सुखी आहे. प्रश्न इंग्रजीच्या चिन्हांचा आहे.

रेफ_रफार
फोनेटिकमध्ये आपण मनात मराठी शब्द आणता, त्याचे रोमन स्पेलिंग करता आणि मग संगणक त्याचे पुन्हा मराठी करतो. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, एवढेच माझे म्हणणे आहे.

दोन_बोटे
ज्याला दोनच बोटांनी टंकायचे आहे त्याला फोनेटिकसारखे सुख नाही. विंडोज १० च्या २०१९ मधील मे अपडेटपासून मराठी फोनेटिक आतच मिळते, वेगळे काही बसवावे लागत नाही. आणि इन्स्क्रिप्टमध्ये 'डॉक्टर'चा ॉ कुठे असतो? त्याच उलट्या तिरप्या रेघेच्या कळेवर. म्हणजे इन्स्क्रिप्ट घेतले तरी ताईंची त्या कळेपासून सुटका नाहीच.

सातवी_ओळ
हा वाद रंजक आहे, पण तो वेगळ्या धाग्यावर न्यावा.

अपूर्णविराम, आता असे करा. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', त्यात 'लँग्वेज अँड रीजन' उघडा. इंग्रजीच्या नावासमोरील तीन टिंबांवर क्लिक करून 'लँग्वेज ऑप्शन्स'मध्ये जा आणि खाली कीबोर्डच्या यादीत काय काय आहे ते इथे लिहा. मग विंडोजची कळ दाबून धरून स्पेस एकदा दाबा. जी छोटी यादी उघडेल तीही जशीच्या तशी लिहा. दोन्ही याद्या हव्या आहेत, एक नव्हे.

समांतर
इतकी वर्षे क्वर्टीला, म्हणजे नेहमीच्या इंग्रजी मांडणीला, कवटाळून बसलेल्यांना पाहून मौज वाटते. ड्वोराक मांडणीचे पेटंट १९३६ मधील आहे. त्यात सर्वाधिक लागणारी अक्षरे मधल्या ओळीत येतात आणि बोटांना उड्या माराव्या लागत नाहीत. विंडोजमध्ये तीही आत आहेच. लेआउट बदलायचाच आहे, तर हा का बदलू नये?

टेबलाखालचा
समांतर, त्यांना लेआउट बदलायचा नाही, तो बदलू नये एवढीच त्यांची मागणी आहे.

अपूर्णविराम
सेटिंग्जमध्ये इंग्रजीखाली एकच नोंद आहे: 'यूएस'. म्हणूनच तर मी चक्रावले आहे. पण विंडोज आणि स्पेस दाबल्यावर इंग्रजीच्या दोन नोंदी दिसतात, एक 'यूएस' आणि दुसरी 'युनायटेड किंगडम', आणि तिसरी मराठी फोनेटिक. आतापर्यंत टास्कबारवर 'इंग' दिसले की मी मान डोलवायचे. दोन निरनिराळे इंग असू शकतात हे माझ्या लक्षातच आले नव्हते. आणि हो, शिफ्ट-३ ला पौंडच येतो.

सातवी_ओळ
मला हेच पाहायचे होते. जो लेआउट छोट्या यादीत दिसतो पण सेटिंग्जमध्ये नसतो, तो काढायचा तरी कुठून, हा अनेकांचा जुना प्रश्न आहे. जे तिथे नाहीच, ते काढून टाकण्याचे बटणही तिथे नसते. त्यावरचा उपाय चमत्कारिक वाटेल, पण तो चालतो: तो आधी स्वतःहून जोडा आणि मग काढा. त्याच पानावर 'ॲड अ कीबोर्ड' मधून 'युनायटेड किंगडम' निवडा, तो यादीत आला की त्याच्यासमोरील टिंबांमधून 'रिमूव्ह' करा. छोट्या यादीतूनही तो जाईल. इंग्रजीखाली जोडून काढल्यावरही तो तसाच राहिला, तर 'इंग्लिश युनायटेड किंगडम' ही संपूर्ण भाषा जोडून मग ती काढा.

मात्र तो येतो कुठून, हे कळल्याशिवाय उद्या सकाळी पुन्हा इथेच भेटू. आपल्या संगणकाशी दुसऱ्या संगणकावरून कोणी जोडले जाते का?

खोडरबर
माझ्या अनुभवानुसार निम्म्या तक्रारींचे मूळ डावी ऑल्ट आणि शिफ्ट ही जोडी असते. मजकूर निवडताना किंवा एखादा शॉर्टकट अर्धवट सोडताना ती चुकून दाबली जाते आणि लेआउट बदलतो. वापरणाऱ्याला वाटते की संगणकाला झपाटले आहे. 'ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज'मध्ये 'इनपुट लँग्वेज हॉट कीज' आहे, तिथे ती जोडी बंद करून टाकावी. विंडोज आणि स्पेस पुरेसे आहे. त्याच पानावर प्रत्येक खिडकीसाठी वेगळी इनपुट पद्धत ठेवण्याचा एक चौकोन असतो. त्यात बरोबरची खूण असेल, तर ब्राउझरमध्ये एक लेआउट आणि वर्डमध्ये दुसरा असा गोंधळ होतो.

अपूर्णविराम
खोडरबर, तो चौकोन रिकामाच आहे. ऑल्ट-शिफ्ट बंद केले, धन्यवाद.

सातवी_ओळ, हो, आमचे एक सहकारी रोज रात्री रिमोट डेस्कटॉपने माझ्या संगणकावर येतात आणि दिवसभराच्या फाइली तपासतात. पण ते माझ्या सेटिंग्जना हात लावत नाहीत, मी त्यांना विचारले आहे. त्यांचा याच्याशी काय संबंध?

सातवी_ओळ
पूर्ण संबंध आहे, आणि तरीही ते खरेच बोलत आहेत. रिमोट डेस्कटॉपने जोडताना त्यांचा संगणक आपल्या संगणकाला सांगतो की माझ्याकडचा लेआउट अमुक आहे, आणि आपला संगणक पाहुण्याच्या सोयीसाठी तो लेआउट त्या सत्रात आणतो. ते स्वतः काहीही दाबत नाहीत. काम संपवून ते निघून जातात, सत्र मात्र तेच चालू राहते, कारण संगणक रात्रभर बंद होत नाही. सकाळी आपण त्याच सत्रात येऊन बसता आणि रात्रीच्या पाहुण्याचा लेआउट आपल्या वाट्याला येतो. त्यांच्या लॅपटॉपवर ब्रिटिश लेआउट आहे का, तेवढे विचारून घ्या.

टेबलाखालचा
संगणक रात्री बंद होतो का, हे मी पहिल्याच प्रतिसादात विचारले होते, याची नम्रपणे नोंद व्हावी.

मुक्त_खिडकी
रेजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोज आपल्या अंतर्गत सेटिंग्ज जिथे साठवते तिथे, यावर पक्का उपाय आहे. यंत्राच्या सिस्टीम विभागात 'कंट्रोल' खाली 'कीबोर्ड लेआउट' नावाची शाखा असते; तिथे 'इग्नोअर रिमोट कीबोर्ड लेआउट' या चार शब्दांचे, मध्ये जागा न सोडता लिहिलेले, डीवर्ड मूल्य तयार करून त्याला १ द्यावे आणि संगणक पुन्हा सुरू करावा. त्यानंतर पाहुण्याचा लेआउट आत येत नाही. (विंडोज मी सोडले आहे, विसरलो नाही.)

टेबलाखालचा
उपाय बरोबर आहे, पण ज्यांना उद्या काम द्यायचे आहे त्यांनी आज रात्री रेजिस्ट्रीत हात घालू नये. घालायचाच असेल, तर आधी त्या शाखेची प्रत 'एक्सपोर्ट' करून ठेवावी. तूर्तास सहकाऱ्यांनी जोडण्यापूर्वी आपल्या बाजूला यूएस लेआउट निवडला तरी काम भागेल.

मुक्त_खिडकी
एका मूल्याने जे कायमचे सुटते, त्यासाठी दुसऱ्या माणसाच्या रोजच्या आठवणीवर विसंबणे मला पटत नाही.

सातवी_ओळ
दोन्ही करता येईल: आज आठवण, काम दिल्यानंतर रेजिस्ट्री. आणखी एक गोष्ट तपासा. पासवर्ड विचारणाऱ्या सुरुवातीच्या पडद्याचा लेआउट स्वतंत्र असू शकतो. 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्ज'मध्ये 'कॉपी सेटिंग्ज' या बटणाने आपली निवड वेलकम स्क्रीनवरही नेता येते. पासवर्डमध्ये @ किंवा # असेल तर हे नक्की करा, कारण तिथे फक्त ठिपके दिसतात आणि चूक कोणती झाली ते कळत नाही.

अपूर्णविराम
सहकाऱ्यांच्या लॅपटॉपवर ब्रिटिशच आहे. जोडून काढण्याची युक्ती चालली. छोट्या यादीत आता एकच इंग्रजी उरली आहे. काल रात्री त्यांनी यूएस निवडून काम केले आणि आज सकाळी @ जागच्या जागी होता. मजकूरही वेळेवर गेला.

परंतु एक नवेच संकट उभे राहिले आहे. गेल्या आठवड्यात एका खात्याचा पासवर्ड बदलला होता. आठवडाभर तो बिनतक्रार चालला आणि आज चालत नाही. पासवर्ड माझ्या पूर्ण लक्षात आहे, दोन वेळा सावकाश टाकून पाहिला. आता आणखी एकदा चुकला तर खाते बंद होईल अशी सूचना आली आहे.

खोडरबर
'पासवर्ड विसरलात' या दुव्यावरून नवा करून घ्या. त्यात एवढे काय?

सातवी_ओळ
थांबा, अजून काही करू नका. त्या पासवर्डमध्ये @ आहे का? तो बदलताना ब्रिटिश लेआउट चालू असेल, तर आपण शिफ्ट-२ दाबले आणि ठिपका @ चा समजलात, पण साठवले गेले दुहेरी अवतरणचिन्ह. आठवडाभर चालला, कारण प्रत्येक वेळी चूक तीच होत होती. एका रिकाम्या नोटपॅडमध्ये तो पासवर्ड @ च्या जागी " घालून लिहा, डोळ्यांनी तपासा, तिथून उचलून चिकटवा आणि नोटपॅड न साठवता बंद करा.

अपूर्णविराम
उघडले. @ च्या जागी अवतरणचिन्हच होते. लगेच पासवर्ड बदलला आणि या वेळी डोळ्याच्या चित्रावर क्लिक करून काय उमटले ते वाचून घेतले. सर्वांचे आभार. रेजिस्ट्रीचे रविवारी निवांतपणे करीन, शाखेची प्रत काढून.