इंग्लंडमध्ये मुलीकडे तीन महिने: शनिवार-रविवारच्या सहली कशा आखायच्या?

शाहूपुरीकर

नमस्कार मंडळी. मी आणि सौ. मेमध्ये साताऱ्याहून मुलीकडे रेडिंगला जातोय, परत जुलैअखेरीस. माझं वय ६७, सौ. ६३. तिचे गुडघे बोलतात, सज्जनगडाला आता गाडीतळावरूनच नमस्कार असतो. नातू ७ वर्षांचा, नात ३ वर्षांची. मुलगी-जावई दोघंही नोकरीवाले, त्यामुळं फिरणं काय होईल ते शनिवार-रविवारी.

शंका अशा. माणसं सहा आणि जावयांची गाडी पाच सीटची, मग जायचं कसं? स्टोनहेंजचे पुरातन उभे दगड आणि बाथ शहर एका दिवसात उरकतं का? तिकडंही डाव्या बाजूनंच चालवतात, तर जावयांना विसावा म्हणून मी अधूनमधून स्टिअरिंग धरलं तर? आम्ही दोघं शाकाहारी, बाहेर पडल्यावर खायचं काय? आणि लंडनमध्ये सातारकरानं मुद्दाम बघावं असं काय आहे? वाघनखं तिकडंच असतात ना?

थेम्सकाठ

काका, आधी गाडीचं बघू. पाच सीटच्या गाडीत सहावं माणूस बसवता येत नाही, नातीला मांडीवर घेऊनही भागत नाही. मूल १२ वर्षांचं किंवा १३५ सेंटिमीटर उंच, यातलं जे आधी होईल तोपर्यंत त्याला मुलांची सीट सक्तीची आहे. नाहीतर ५०० पौंडांपर्यंत दंड, आणि तो चालवणाऱ्याच्या बोकांडी. इथून सीट नेण्याचा विचार असेल तर तिच्यावर गोलातलं 'ई' अक्षर आहे का बघा. ते नसलेली सीट तिकडं ग्राह्य नाही.

एखाद्या वीकेंडला सात सीटची गाडी भाड्यानं घेता येईल. पण तिसरी रांग उघडली की डिकी संपते, नातीची ढकलगाडी कुठं ठेवायची हा प्रश्न उरतो. तिसऱ्या रांगेत आयसोफिक्सचे (मुलांची सीट अडकवायचे) हूकही बहुधा नसतात. म्हणून नातीची सीट मधल्या रांगेत, शेजारी आजी. नातू बूस्टरवर (उंच बैठकीवर), आईबरोबर मागं. तुम्ही पुढं जावयांशेजारी. मागं चढायला मधली जी सीट दुमडावी लागते तिच्यावर नातीची सीट बसवू नका, नाहीतर दर थांब्याला ती सोडवून पुन्हा बांधत बसाल.

या खटाटोपापेक्षा रेल्वे बरी, आणि तुमच्या कुटुंबाचा आकडा तर सवलतीत बरोब्बर बसतोय. 'फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड' वर्षाला ३५ पौंडांना मिळतं. त्यावर ४ मोठी माणसं आणि ५ ते १५ वयाची ४ मुलं जाऊ शकतात. मोठ्यांना एक तृतीयांश सूट, मुलांना ६० टक्के. नात पाचच्या आतली, तिला तिकीटच नाही. कार्डावर दोघांची नावं घालता येतात, मुलगी आणि जावई दोघांचीही घाला. त्यातलं एक माणूस आणि ५ ते १५ मधलं एक मूल पूर्ण प्रवासात बरोबर हवं. म्हणजे नातू वाढदिवसाच्या पार्टीला गेला आणि बाकीचे फिरायला निघाले तर सूट गेली. तीन वर्षांची नात त्या अटीत धरत नाहीत, तिथंच लोक फसतात.

आठवड्यात तुम्ही दोघंच कुठं जाणार असाल तर ६० वर्षांपुढच्यांचं सीनियर रेलकार्ड वेगळं असतं. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो. लंडनच्या आसपास सकाळच्या गर्दीच्या वेळी मात्र त्यावर सूट नाही.

आता रेडिंगचा खास सापळा. तिथून लंडनला बँकेचं कार्ड टेकवून जाता येतं, पण टेकवलेल्या कार्डावर रेलकार्डाची सूट लागत नाही. आधी तिकीट काढायचं, रेडिंगच्या गेटवर तेच वापरायचं आणि कार्ड खिशात ठेवायचं. लंडनात ट्यूबला (भुयारी रेल्वेला) मग टेकवा. एक कार्ड एकाच माणसाचं, आणि चढताना जे टेकवलं तेच उतरताना. ट्यूबमध्ये ११ वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर फुकट.

रुळांची कामं मुद्दाम शनिवार-रविवारी काढतात आणि गाडीऐवजी बस सोडतात. तासाच्या प्रवासाचे अडीच तास होतात. महिनाभर आधी तिकीट काढलेलं असलं तरी शुक्रवारी रात्री नॅशनल रेलच्या साइटवर पुन्हा बघा. सौ. काकूंसाठी 'पॅसेंजर असिस्ट' आहे: गाडीच्या किमान दोन तास आधी कळवलं की स्टेशनवर रॅम्प, चाकाची खुर्ची, सोबतीला माणूस, सगळं मोफत.

यवतेश्वर घाट

स्टोनहेंज आणि बाथ एका दिवसात बसवाले उरकतात. पण ते तुम्हाला दगडांपाशी तासभर सोडतात आणि बाथमध्ये गल्ल्या मोजायला लावतात. तीन वर्षांची नात आणि गुडघे धरून तो बेत करू नका.

स्टोनहेंजचा हिशोब मांडा. रेडिंगहून रस्ता मोकळा असेल तर सव्वा तास. पण ए-३०३ रस्ता एम्सबरीनंतर दुपदरी होतो आणि पुढं दगड दिसायला लागले की सगळेच पाय ब्रेकवर ठेवतात. शनिवारी सकाळी दहानंतर निघालात तर अर्धा-पाऊण तास तिथंच. तिकीट ठराविक वेळेचं, आधी काढलेलं बरं (कासची ऑनलाईन नोंदणी आठवा). शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या दोन तास आधी. गाडीतळापासून दगड जवळजवळ अडीच किलोमीटरवर आहेत, तिकिटातच बस मिळते. दोरीच्या बाहेरून गोल चालायचं, हात लावता येत नाही. पठार उघडं, वारा कासपठारापेक्षा वाईट, आडोसा नाही. जूनमध्येही नातीला कानटोपी लागेल. २० आणि २१ जूनला तिकडं फिरकू नका, सगळ्यांत मोठ्या दिवसाची जत्रा असते.

दगड सरासरी २५ टनांचे, साधारण २५ किलोमीटरवरून आणलेले. आतले लहान निळसर दगड वेल्समधल्या प्रेसेली डोंगरातून, म्हणजे दोनेकशे किलोमीटरच्याही पलीकडून. नातवाला एवढं सांगितलं तर त्याचा रस टिकेल. नाहीतर 'हेच का ते' म्हणून पाच मिनिटांत कंटाळेल.

खरं विचाराल तर मुलं बरोबर असताना एव्हबरी चांगलं. जगातलं सगळ्यांत मोठं दगडांचं वर्तुळ, त्याच्या पोटात गावाचा काही भाग, दगडांना हात लावा, टेकून डबा खा. बघायला पैसे नाहीत, पार्किंगला आहेत. मेंढ्या चरतात तिथं, बूट बघून टाका.

बाथला मात्र रेल्वेनंच. रेडिंगहून थेट गाडी, साधारण तास. स्टेशनपासून रोमन बाथ (रोमन काळातलं स्नानगृह) आणि चर्चपर्यंत सपाट, दहा मिनिटं. तिथं रोज ११ लाख ७० हजार लिटर पाणी ४६ अंशांवर जमिनीतून येतं. त्यात उतरायचं नाही आणि हातही घालायचा नाही, पाणी शुद्ध केलेलं नसतं. लिफ्ट आहे, पण हौदाकडेची फरशी दोन हजार वर्षांची खडबडीत, काकूंना हात द्या. रॉयल क्रेसेंट ही अर्धगोल इमारत चढावर आहे, तिकडं बसनं जा.

चारभिंती

विंडसरचा राजघराण्याचा किल्ला कुणीच कसा सांगितला नाही? रेडिंगहून स्लाउला गाडी बदलायची, पुढं सहा मिनिटं. किल्ला मंगळवार-बुधवारी बंद, आणि आतलं सेंट जॉर्ज चॅपल रविवारी पर्यटकांना बंद. म्हणून तुमच्यासाठी शनिवारच. तिकीट थेट किल्ल्याच्या साइटवरून घेतलं तर वर्षभराच्या पासात बदलून मिळतं, निघण्याआधी तेवढं करून घ्या. तीन महिन्यांत पुन्हा जाणं फुकट. किल्ल्यापुढचा 'लाँग वॉक' चारेक किलोमीटर सरळ आणि सपाट, मोटारी नाहीत, तिकीट नाही. नात तिथं पळवून दमवा.

अजिंक्यतारा

गाडी चालवण्याबद्दल: भारतीय लायसन्सवर पाहुण्याला १२ महिने चालवता येतं, हे खरं. पण त्या गाडीच्या विम्यात तुमचं नाव नसेल तर तो गुन्हा, ३०० पौंड दंड आणि ६ दंड-पॉइंट, गाडीही जप्त होऊ शकते. परदेशी लायसन्सवाल्या पाहुण्याचं नाव घालायला बऱ्याच विमा कंपन्या तयार नसतात, तयार झाल्या तर पैसे घसघशीत लावतात. डावी बाजू सारखी असली तरी गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. पोवई नाक्यावरची सवय तिथं नडेल.

जावयांना सांगायची गोष्ट वेगळी. बऱ्याच खासगी पार्किंगला फाटक नसतं, कॅमेरा नंबर टिपतो. सकाळी आलात, गेलात, संध्याकाळी पुन्हा आलात तर कधीकधी पहिलं येणं आणि शेवटचं जाणं जोडून दिवसभराचा मुक्काम धरतात. दोन्ही पावत्यांचे फोटो ठेवा, नोटीस पंधरा दिवसांनी घरी येते. आणि लंडनमध्ये गाडी घालू नका. मध्य भागात शनिवार-रविवारीही दुपारी १२ ते ६ गर्दीकर असतो.

कृष्णा-वेण्णा

खाण्याचं. चिप्स म्हणजे बटाटेच, असं समजू नका. समुद्रकाठच्या आणि उत्तरेकडच्या बऱ्याच जुन्या दुकानांत ते गाईच्या चरबीत तळतात. ऑर्डर देण्याआधी 'व्हेजिटेबल ऑईल?' एवढं विचारा. तेल वनस्पतीचं असलं तरी त्याच कढईत मासे तळलेले असतात, ते चालतं का हे तुमचं तुम्ही ठरवा. मुलांच्या जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन असतं, पाकिटावर 'व्ही'ची खूण बघा.

वेळा जास्त नडतात. जूनमध्ये सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो म्हणून माणूस निवांत राहतो, आणि वाडे-किल्ले पाचला बंद, कॅफेचं स्वयंपाकघर तीनलाच आवरलेलं. रविवारी मोठी दुकानं सहा तासच उघडी असतात, बहुतेक १० ते ४ किंवा ११ ते ५. परतताना दूध-भाजी घेऊ म्हणाल तर शटर बघाल. सकाळी धपाटी, दही, चटणी बांधून निघणं उत्तम. नॅशनल ट्रस्टच्या (जुने वाडे-बागा जपणारी संस्था) बागांत हिरवळीवर बसून खाऊ देतात, आणि मुलीनं सदस्यत्व घेतलं तर पार्किंगही फुकट. इंग्लंडमधल्या सदस्यांना स्टोनहेंजलाही पैसे पडत नाहीत.

माहुली संगम

वाघनखांचं: ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या करारानं महाराष्ट्रात आली आणि पहिला मुक्काम आपल्याच साताऱ्याच्या संग्रहालयात झाला. साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडून ती गेली. महाराजांचीच आहेत का यावर इतिहासकारांत वाद आहे, आणि ती ज्यांच्या मालकीची आहेत ते लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयही तसा ठाम दावा करत नाही. तिथं नातवासाठी टिपूचा वाघ आहे, लाकडी, शिपायाच्या उरावर बसलेला. प्रवेश मोफत. शेजारचं डायनासोरवालं नॅचरल हिस्ट्रीही मोफत, पण वेळेचं तिकीट आधी ऑनलाईन काढा, नाहीतर रांग फार.

सातारकरासाठी तीन जागा. पॅडिंग्टनला उतरून कालव्याच्या कडेनं दहा-पंधरा मिनिटं चाललं की १० हाऊली प्लेस, टिळक १९१८-१९ मध्ये राहिले ते घर. निळी पाटी बाहेरूनच बघायची. दुसरी, १० किंग हेन्रीज रोड, चॉक फार्म स्टेशनजवळ. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथं राहिले, महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये घर विकत घेतलं. ७ नोव्हेंबर १९०० ला ज्यांचं नाव आपल्या राजवाड्यावरच्या शाळेत घातलं, त्यांचं हे लंडनचं घर. जाण्याआधी उघडं आहे का फोन करून विचारा. तिसरी जागा बघायला काही नाही, तरी जा: लेडनहॉल स्ट्रीट. नळ्या बाहेर काढलेली लॉइड्स या विमाबाजाराची पोलादी इमारत उभी आहे तिथं ईस्ट इंडिया कंपनीची कचेरी होती. साताऱ्याचे पदच्युत छत्रपती प्रतापसिंह महाराजांची गादी परत मिळावी म्हणून त्यांचे वकील रंगो बापूजी १८५३ पर्यंत चौदाएक वर्षं लंडनमध्ये झगडले ते याच कंपनीशी.

तिन्ही जागा एका दिवसात बसवू नका. पहिली आणि संग्रहालय, एवढंच.

शाहूपुरीकर

सगळ्यांचे आभार. रेलकार्ड आजच मुलीला सांगतो. आणखी दोन: जावई वेस्टन-सुपर-मेअरचा समुद्र म्हणतायत, तो कसा? आणि नातवंडांना कंदी पेढे न्यायचेत, किती किलो चालतात?

थेम्सकाठ

वेस्टनला भरतीची वेळ बघितल्याशिवाय जाऊ नका. ब्रिस्टल खाडीतला भरती-ओहोटीचा फरक जगातल्या सगळ्यांत मोठ्यांपैकी आहे. ओहोटीला पाणी पार क्षितिजाकडं जातं आणि मधे चिखल उरतो, त्यात माणसं कमरेपर्यंत रुततात. पाटीच्या पुढं पाऊल टाकायचं नाही. पाण्यात खेळायचंच असेल तर बोर्नमथ, रेडिंगहून थेट गाडी, पावणेदोन तासांच्या आसपास. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरा. पाणी जुलैतही गारच.

कृष्णा-वेण्णा

पेढे शून्य किलो. युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत; पेढे, खवा, तूप, पनीर सगळं त्यात आलं. विमानतळावर काढून टाकतात. चिक्की, गुळातले राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चटणी न्या. पेढ्यांचा एक किलो मुंबई विमानतळावर पोचेपर्यंत संपवा.