‘एम्प्लॉयी एंगेजमेंट’ आणि ‘वर्कप्लेस क्लायमेट’ : महाविद्यालयातील पाहणीसाठी मराठी शब्द कोणते?

मूळ प्रश्न

एका महाविद्यालयातील सर्व नोकरवर्गासाठी पाहणीची प्रश्नावली मराठीत तयार करण्याचे काम आमच्या गटाकडे आले आहे. तिचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात ‘एम्प्लॉयी एंगेजमेंट’, म्हणजे माणसाचे कामात किती मन आहे ते, मोजायची आहे, तर दुसऱ्या भागात ‘वर्कप्लेस क्लायमेट’, म्हणजे कामाच्या जागी एकूण कसे वाटते ते. कच्च्या मसुद्यात ‘कर्मचारी गुंतवणूक’ आणि ‘कार्यस्थळाचे हवामान’ असे शब्द आले होते. पहिला वाचून मुदत ठेवीची आठवण होते आणि दुसरा वाचून छत्रीची, म्हणून ते दोन्ही बाद केले. ‘एंगेजमेंट’ हा शब्द तसाच ठेवावा म्हटले, तर मराठी बोलण्यात त्याची जागा साखरपुड्याने केव्हाच अडवली आहे. ‘सहभाग’, ‘बांधिलकी’, ‘समरसता’ आणि ‘कार्यनिष्ठा’ हे चार पर्याय आता समोर आहेत. यांपैकी कोणता घ्यावा, की याहून निराळा शोधावा? शब्द एकदा ठरला की प्रश्नावलीतील विधानेही त्याच शब्दाभोवती लिहिता येतील, असा विचार आहे.

प्रतिसाद

‘कार्यनिष्ठा’ घ्यावा. शब्द रुळलेला आहे, कानाला जड लागत नाही आणि कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. ‘क्लायमेट’साठी ‘कार्यसंस्कृती’ हा शब्द वर्तमानपत्रांनी आधीच घडवून दिला आहे. नव्याने काही शोधण्याची गरज दिसत नाही.

प्रतिसाद

वरील दोन्ही सूचना मला मान्य नाहीत, आणि त्यामागचे कारण केवळ शब्दांच्या आवडीनिवडीचे नाही.

निष्ठा हा गुण आहे. तो माणसात असतो किंवा नसतो, आणि नसला तर उणेपणा त्या माणसाचा, असे मराठी वाचक मानतो. एंगेजमेंट ही मात्र अवस्था आहे. तोच शिक्षक तास घेताना रंगून जातो आणि तोच शिक्षक हजेरीचे तक्ते भरताना घड्याळाकडे पाहत बसतो. कामाच्या जागेतील वागणुकीचे अभ्यासक विल्यम काह्न यांच्या १९९० मधील ज्या लेखापासून ही संकल्पना अभ्यासकांच्या चर्चेत आली, त्यासाठी त्यांनी उन्हाळी शिबिरातील मार्गदर्शक आणि वास्तुरचनेच्या एका कंपनीतील माणसे अशा दोन अगदी वेगळ्या गटांचा अभ्यास केला होता. कोण निष्ठावान आहे, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. माणूस कोणत्या क्षणी स्वतःला कामात ओततो आणि कोणत्या क्षणी स्वतःला मागे घेतो, हा होता. त्यासाठी त्यांनी तीन अटी सांगितल्या : हातातल्या कामाला काही अर्थ आहे असे वाटणे, मन मोकळे केले तरी त्याची किंमत मोजावी लागणार नाही असा भरवसा असणे, आणि त्या वेळी अंगात व मनात पुरेसे त्राण उरलेले असणे. यांतील दुसरी अट तर बरीचशी आजूबाजूच्या माणसांवर अवलंबून आहे. ‘कार्यनिष्ठा कमी आढळली’ असे अहवालात छापले गेले, तर पुढची पायरी समज देण्याची असेल. ‘लोकांचे कामात मन लागत नाही’ असे छापले गेले, तर निदान ‘का?’ हा प्रश्न तरी विचारला जाईल.

‘बांधिलकी’ हा चांगला शब्द आहे, परंतु तो दुसऱ्या संकल्पनेसाठी राखून ठेवावा. संस्थेशी असलेल्या नात्याचा अभ्यास अ‍ॅलन आणि मेयर या अभ्यासकांच्या १९९० मधील मांडणीपासून तीन अंगांनी केला जातो : आपुलकी वाटते म्हणून राहणे, सोडून जाणे परवडत नाही म्हणून राहणे, आणि राहणे हे कर्तव्य वाटते म्हणून राहणे. महाविद्यालयात हा फरक इतर कोणत्याही कार्यालयापेक्षा ठळक दिसतो, कारण आपल्या विषयात आकंठ बुडालेला आणि संस्थेविषयी मात्र पूर्ण कोरडा असलेला प्राध्यापक ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. त्याची बांधिलकी विषयाशी आणि विद्यार्थ्यांशी असते. एकाच शब्दाने दोन्ही मोजायला गेलो, तर त्याच्या उत्तरांतून काहीच निष्पन्न होणार नाही. ‘सहभाग’ म्हणजे समितीच्या बैठकीला हजर राहणे, इतकाच अर्थ महाविद्यालयात उरला आहे. शिवाय विद्यार्थ्यांच्या शिकण्यातील सहभागाची पाहणी वेगळी असते आणि तिच्याशी घोटाळा होईल. ‘समरसता’ मध्ये वेगळे मत बाळगणाऱ्याला जागाच नाही, म्हणून तोही नको.

मग शब्द कोणता? नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठात तयार झालेली जी मापनी, म्हणजे मोजण्याची प्रश्नावली, जगभर वापरली जाते, तिच्यात या अवस्थेचे तीन घटक मानले आहेत, आणि तिन्हींना मराठीत घरचे शब्द आहेत : जोम, वाहून घेणे आणि तल्लीनता. या तिघांना कवेत घेणारा शब्द म्हणून मी ‘कामातले गुंतलेपण’ सुचवतो. ‘गुंतवणूक’ हा शब्द ‘गुंतवणे’ या प्रयोजक क्रियापदापासून आलेला असल्यामुळे त्यात गुंतवणारा कोणीतरी वेगळा लागतो. ‘गुंतणे’ मात्र आपोआप घडते, आणि इथे तेच अभिप्रेत आहे. या शब्दाची एक अडचण लपवून ठेवत नाही : ‘मी कामात गुंतलो आहे’ याचा रोजचा अर्थ ‘मला सध्या सवड नाही’ एवढाच होतो, आणि कामाच्या ओझ्याखाली दबलेला माणूस गुंतलेला असतोच असे नाही. म्हणून व्याख्या देताना ‘मन’ हा शब्द सोबत ठेवावा. विरुद्धार्थ मात्र भाषेत तयारच आहे, आणि तो कोणत्याही पारिभाषिक कोशात सापडणार नाही इतका नेमका आहे : पाट्या टाकणे.

हे गमतीने म्हटलेले नाही. हॅल्पिन आणि क्रॉफ्ट या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ७१ प्राथमिक शाळांच्या अभ्यासातून वातावरणाची जी ६४ विधानांची प्रश्नावली तयार केली, तिच्या आठ उपकसोट्यांपैकी पहिली उपकसोटी शिक्षकांच्या नेमक्या याच पाट्या टाकण्याची होती. म्हणजे ज्याला आपण आज व्यक्तीचे गुंतलेपण म्हणतो, त्याचा अभाव तेव्हा शाळेच्या वातावरणाचे लक्षण म्हणून मोजला जात होता. दोन संकल्पनांची सीमारेषा अशी पहिल्यापासूनच सरमिसळीची आहे, आणि म्हणूनच शब्दांनी ती अधिक स्पष्ट करायला हवी.

‘क्लायमेट’ साठी ‘वातावरण’ हाच शब्द घ्यावा. लेविन, लिपिट आणि व्हाइट या मानसशास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये मुलांच्या गटांत हुकूमशाही, लोकशाही आणि मोकाट अशा नेतृत्वाने निर्माण होणाऱ्या ‘सामाजिक वातावरणा’चा जो प्रयोग प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे रूपक चालत आले आहे, आणि मराठीला ते मुळीच परके नाही. खेळीमेळीचे, दडपणाचे, मोकळे, संशयाचे, तणावाचे अशी विशेषणे या शब्दाला आपण न शिकवता लावतो. ‘संस्कृती’ ही त्याहून खोलवरची गोष्ट आहे. संस्थांच्या संस्कृतीचे अभ्यासक एडगर शाइन यांच्या मांडणीनुसार तिचा तळ म्हणजे उघडपणे कोणी बोलून न दाखवलेली गृहीतके. ती प्रश्नावलीतल्या पाच पर्यायांत पकडता येत नाहीत, त्यासाठी माणसांत बसावे लागते, पाहावे लागते, ऐकावे लागते. प्रश्नावलीने जे मोजता येते, ते वातावरण. वर्तमानपत्रांना ‘कार्यसंस्कृती’ आवडते, कारण तो शब्द मोठा दिसतो.

आता प्रश्नकर्त्यांच्या शेवटच्या वाक्याविषयी. ठरलेल्या शब्दाभोवती विधाने लिहिण्याचा विचार कृपया सोडून द्यावा. ‘गुंतलेपण’ आणि ‘वातावरण’ हे शब्द अहवालासाठी आहेत. प्रश्नावलीत ते येऊच नयेत. ‘मी कामात गुंतलेला आहे’ या विधानाला नकार देणारा कर्मचारी मिळणे कठीण, विशेषतः अध्यापनासारख्या व्यवसायात, जिथे वाहून घेणे ही अपेक्षाच असते. त्याऐवजी अनुभव विचारावा : सकाळी कामावर जावेसे वाटते का, काम करताना वेळ कसा गेला ते कळत नाही असे किती वेळा घडते. उट्रेख्तची मापनीदेखील सहमती विचारत नाही, वारंवारता विचारते. ‘कधीच नाही’ पासून ‘नेहमी’ पर्यंत तिच्यात सात पायऱ्या आहेत.

आणि एका सर्वनामापासून सांभाळून राहावे. ते सर्वनाम म्हणजे ‘आपण’. गुंतलेपणाची विधाने ‘मी’ विषयी असतात, वातावरणाची विधाने ‘इथल्या लोकांविषयी’ असतात. विधानाचा रोख व्यक्तीवर आहे की गटावर, यावरून उत्तराचा अर्थ आणि गटाची सरासरी काढण्याचा अधिकार बदलतो, हे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड चॅन यांनी १९९८ मध्ये नीट उलगडून दाखवले आहे. मराठीत ‘आपल्या कामाची दखल घेतली जाते’ असे विधान लिहिले, की त्यातले ‘आपल्या’ म्हणजे आदरार्थी ‘तुमच्या’, की ऐकणाऱ्यासह ‘आपणा सर्वांच्या’, की ‘ज्याच्या त्याच्या’, हे कोणीच सांगू शकत नाही. एक वाचक स्वतःचा अनुभव नोंदवतो, दुसरा विभागाचा, आणि दोघांची उत्तरे एकाच रकान्यात जातात. ‘आम्ही’ लिहिले तर निराळीच पंचाईत होते : लिपिक ‘आम्ही’ म्हणतो तेव्हा त्यात प्राध्यापक बहुधा नसतात. म्हणून पहिल्या भागात ‘मी’ आणि ‘माझ्या’, दुसऱ्या भागात ‘या विभागात’ किंवा ‘या महाविद्यालयात’, आणि ‘आपण’ दोन्हीकडून हद्दपार. सौजन्यासाठी तो सुरुवातीच्या निवेदनात वापरावा.

प्रश्नकर्त्याकडून

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. ‘आपण’ आमच्या मसुद्यात जवळजवळ प्रत्येक विधानात आहे, त्यामुळे ते सर्व पुन्हा लिहावे लागेल. आणखी दोन शंका विचारतो. निवेदनात ‘सर्व कर्मचाऱ्यांचे मूल्यमापन’ असे शब्द आहेत, ते योग्य आहेत का? आणि मधल्या पर्यायाला ‘तटस्थ’ म्हणावे का?

प्रतिसाद

‘मूल्यमापन’ अजिबात नको. महाविद्यालयात हा शब्द उत्तरपत्रिकांसाठी आणि वार्षिक कामगिरीच्या अहवालांसाठी झिजलेला आहे; तो दिसताच माणूस गुण मिळवण्याच्या तयारीला लागतो. वातावरणाच्या पाहणीत मोजली जाते ती जागा, माणूस नव्हे. ‘पाहणी’ हा साधा शब्द पुरे. तांत्रिक भागात ‘मापन’ म्हणावे.

‘कर्मचारी’ या शब्दाचीही एक खोच आहे. ‘शिक्षक व कर्मचारी’ अशा जोडीची सवय इतकी पक्की आहे, की नुसते ‘कर्मचारी’ वाचून प्राध्यापक ते पत्रक बाजूला ठेवतील, आणि ‘शिक्षकेतर’ हा शब्द तर ज्याला लावायचा त्याची ओळख नकाराने करून देतो. ग्रंथालय, प्रयोगशाळा, लेखाविभाग, सफाई, सुरक्षा आणि तासिका तत्त्वावर शिकवणारे या सर्वांना विचारायचे असेल, तर निवेदनात एकदा त्यांची नावे घेऊन सांगावे आणि पुढे ‘येथे काम करणारे’ असे म्हणावे. कंत्राटावरील माणसांचे वातावरण आणि कायम नोकरीतील माणसांचे वातावरण एकाच इमारतीत वेगवेगळे असू शकते, ही गोष्ट अशा पाहणीतून कळण्यासारखी आहे. सुरुवातीच्या एका शब्दाने ती बाहेर ठेवू नये.

‘तटस्थ’ विषयी : हा भूमिकेचा शब्द आहे. दोन बाजू माहीत असून एकही न घेणारा तो तटस्थ. जिथे गटबाजी आहे, तिथे अनेक जण नेमके याच अर्थाने त्यावर खूण करतील. मत मधले असेल तर ‘काही अंशी’, आणि माहिती नसेल तर ‘सांगता येत नाही’ असे दोन स्वतंत्र पर्याय द्यावेत, आणि दुसऱ्याची गणना सरासरीत करू नये. त्याच ओघात, नकारार्थी विधाने शक्य तो टाळावीत. ‘येथे मत मांडायला भीती वाटत नाही’ या विधानाशी असहमत होताना मराठी वाचकाला दोन नकार ओलांडावे लागतात.

प्रतिसाद

‘गुंतलेपण’ बोलण्याला ठीक आहे, परंतु अहवालाच्या तक्त्यात तो शब्द घरगुती वाटतो. ‘कार्यमग्नता’ अधिक आटोपशीर नाही का? त्यापासून ‘कार्यमग्न’ हे विशेषणही सहज मिळते.

प्रतिसाद

आटोपशीर आहे, पण अपुरा आहे. मग्न होणे म्हणजे वर सांगितलेल्या तिघांपैकी फक्त तल्लीनता. जोम आणि वाहून घेणे त्यातून निसटतात. शिवाय कार्यमग्न माणसाला आजूबाजूचे भान नसते, असा त्या शब्दाचा रंग आहे, आणि सहकाऱ्यांच्या वातावरणाशी जोडून ज्याचा अभ्यास करायचा, त्या संकल्पनेला तो शोभत नाही. तल्लीनतेच्या उपघटकाला ‘कार्यमग्नता’ म्हणायला माझी हरकत नाही. तक्त्यासाठी संस्कृत वळणाचा शब्द हवाच असेल, तर ‘कार्यानुबंध’ चालू शकेल, कारण अनुबंधात नाते आहे आणि सक्ती नाही. मात्र तो शब्द वाचकाला नवा असल्याने पहिल्याच पानावर त्याची व्याख्या द्यावी लागेल, आणि नंतर कोणी तो ‘अनुबंध’ म्हणजे करार या अर्थाने वाचणार नाही, याची काळजी घ्यावी लागेल. माझे मत अजूनही ‘कामातले गुंतलेपण’ याच बाजूला आहे. तक्त्यात घरगुती शब्द आल्याने आकडे हलके होत नाहीत.

‘विभागाचे वातावरण’ हे शीर्षक कोणत्या विभागाला लावायचे, तेही छापण्यापूर्वी ठरवावे. ज्या विभागातून मोजकीच उत्तरे आली आहेत, त्याचा आकडा स्वतंत्रपणे देऊ नये, कारण तिथे कोणी काय लिहिले हे अक्षर न पाहताही ओळखता येते. निदान पाच उत्तरे तरी असावीत, असा नियम अशा पाहण्यांत सर्रास पाळला जातो. आणि उत्तरे पुरेशी असूनही ती एकमेकांपासून फार दूर असतील, तर त्यांची सरासरी काढून तिला ‘वातावरण’ म्हणू नये. निम्म्यांनी पाच आणि निम्म्यांनी एक गुण दिला, तर सरासरी तीन येते. पण ‘मध्यम’ वातावरणात तिथे कोणीच काम करत नसते. अशा ठिकाणी तक्त्यात ‘मतभिन्नता’ असे लिहावे आणि दोन्ही टोकांचे आकडे वेगवेगळे द्यावेत.