वॅगनआर: १.० घ्यावी का १.२? मायलेजचं खरं काय

पाचगणीकर_०७
मंडळी, वॅगनआर बुक करायचीय, पेट्रोल मॅन्युअल, इंजिन १.० लिटरचं का १.२ चं ते ठरत नाहीये. बाबा म्हणतात इंजिन लहान तर पेट्रोल कमी, विषय संपला. शोरूमवाला म्हणतो तुमच्या रनिंगला १.२ च घ्या. एआरएआयचे (गाड्यांची अधिकृत टेस्ट करणारी संस्था) मायलेजचे आकडे १.० ला लिटरमागे २४.३५ किमी आणि १.२ ला २३.५६ आहेत, मग हा उगाच महागडी गळ्यात मारतोय का? रनिंग पाचगणी-पुणे, बहुतेक वेळा चार माणसं, येताना डिकी भरलेली.

चौथा_गियर
दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. सपाट रस्त्याला, हलक्या पायाने १.० च जिंकणार, कारण पेट्रोल इंजिनला अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून (हवा आत सोडणारी झडप) हवा ओढायलाच ताकद घालवावी लागते आणि मोठ्या इंजिनात तो तोटा जास्त. पण वाईहून पसरणी घाट चढताना चार जण नि सामान म्हटल्यावर १.० ला सारखं दुसऱ्यावर टाकून रेस करावी लागेल, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) चढलं की आतलं घर्षण वाढतं, आणि पाय पूर्ण दाबला की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल वाढवतो. १.२ तिथे बऱ्याच ठिकाणी तिसऱ्यावर निघेल. एआरएआयच्या टेस्टमध्ये ना घाट ना तुमची डिकी, स्पीडपण ९० च्या वर जात नाही.

घरघर_नको
सीसी सीसी काय करताय, गियर कुठला टाकता ते बघा आधी. आमच्याकडे चाळीसला पाचवा टाकून मायलेज वाढवणारे महाभाग कमी नाहीत. सपाटीला हलक्या लोडवर वरचा गियर चांगलाच, पण चढावर इंजिन घरघरायला लागलं, रेस देऊनही गाडी उचलत नाही, तरी खालचा टाकायचा नाही हा कसला हट्ट? आणि हायवेला ८० चे १०० केले की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो, त्यात वॅगनआर म्हणजे चालतं कपाट, मग इंजिन कुठलंही असो

पाचगणीकर_०७
बरं मग जाताना घाट उतारावर न्यूट्रल केली तर भरपाई होईल ना? आमच्याकडे सगळे तेच करतात

चौथा_गियर
अजिबात नको. फ्युएल इंजेक्शनची गाडी गियरमध्ये ठेवून रेस सोडली की इंजेक्टर पेट्रोल बंदच करतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला उलट आयडलिंगपुरतं जळत राहतं, इंजिन ब्रेकिंग जातं आणि ब्रेक तापतात. चावी बंद करणारेही असतात, त्यांचं स्टेअरिंग जड होतं आणि ब्रेक दोन-चार वेळा दाबला की बूस्टरची मदत (ब्रेक हलका ठेवणारी) संपते, त्यांच्यापुढे तर हात जोडले.

तुम्हाला माझं मत १.२, पण मायलेजसाठी नाही, घाटात ओव्हरटेकला दम राहतो म्हणून. टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका, घरचे चौघं बसवून न्या आणि चढावरच चालवायला मागा.

घरघर_नको
बाबांना पुढच्या सीटवर बसवा