दोमिए तुरुंगात, टेनियल 'सर'

कोराकागद:
लंडनचा 'पंच', म्हणजे थट्टेच्या चित्रांचं साप्ताहिक, १८४१ चा. पॅरिसच्या 'शारिवारी' या तशाच पत्रावरून त्यानं स्वतःला 'लंडन शारिवारी' म्हणवून घेतलं. शारिवारी म्हणजे कुणाच्या दारात जाऊन पातेली बडवणं, आपली शिमग्याची बोंबच. पण बोंब कुणाच्या नावानं? १८३१ मध्ये पॅरिसचा व्यंगचित्रकार दोमिए यानं फ्रान्सचा राजा लुई फिलिप याला अगडबंब राक्षस करून बसवला. गरिबांचे पैसे टोपल्यांतून फळीवरून चढतायत, थेट राजाच्या तोंडात. आणि खुर्चीखालून पडतायत मानपत्रं. खुर्ची कसली ते कळलं असेलच. दोमिएला सहा महिने कैद. इकडे पंचचा चित्रकार टेनियल १८५७ ला बंगाली वाघावर ब्रिटिश सिंह सोडतो, आयरिश माणूस माकडासारखा काढतो, आणि १८९३ ला 'सर' होतो. दरबाराला गोड लागतो त्याला मी उपहास म्हणत नाही.

पेठेतला:
सोयीचं तेवढंच वेचलंत. १८४३ मध्ये पार्लमेंटच्या भिंतींवरच्या चित्रांचे कच्चे आराखडे प्रदर्शनात मांडले होते, त्यांनाच कार्टून म्हणत. पंचच्या जॉन लीचनं त्या भारी चित्रांसमोर फाटक्या कपड्यांतली माणसं उभी केली. लोक भाकरी मागतायत आणि सरकार देतंय प्रदर्शन! थट्टेच्या चित्राला कार्टून म्हणायला लागले ते तिथून. रात्रंदिवस सदरे शिवणाऱ्या बाईवरची हूडची कविताही त्याच वर्षी पंचमध्येच आली. आणि टेनियलला एकट्याला काय धरता? मोठ्या चित्राचा विषय दर बुधवारी जेवणाच्या टेबलावर सगळे मिळून ठरवायचे.

कोराकागद:
म्हणजे गुन्हा पंगतीचा! मान्य. पण १८४३ ला उपाशी माणूस दिसणाऱ्यांना १८५७ ला फक्त वाघ कसा दिसला? पोट भरलं की बोंब मवाळ होते.

परकरपोलकं:
दोघंही जरा थांबा. दोमिएला फार डोक्यावर घेऊ नका. १८३५ च्या कायद्यानं राजकीय चित्रांवर सेन्सॉर बसल्यावर तो वकील, घरमालक, मध्यमवर्ग यांच्याकडे वळला. ती चित्रं झकास आहेत, नाही म्हणत नाही. पण १८४४ ची लिहित्या बायकांवरची मालिका बघा. आई लेखनात गढलेली आणि मागे पोर आंघोळीच्या टबात उलटं पडलेलं. यात सत्ता कुठे आली? नवरा लिहीत बसला असता तर पोराकडे बघायचं काम कुणाचं, हे त्यानं कधी काढलं नाही.

पेठेतला:
अहो, पण चित्र बघून हसू येतंच की.

परकरपोलकं:
मलाही आलं. म्हणून तर राग येतो.

कोराकागद:
हे मात्र लागलं. दोमिएचं पारडं थोडं खाली आणतो. 'सर' मात्र तिथेच.

पेठेतला:
जाता जाता: आपल्या मुंबईतही 'हिंदी पंच' निघायचा आणि त्यातल्या पात्राचं नाव होतं पंचोबा. विठोबा, खंडोबा, पंचोबा! साहेबाचा विदूषक 'पंच' इथे आला आणि थेट देव्हाऱ्यात बसला. त्यावर वेगळा धागा काढा कुणीतरी.