सतरा सीटच्या गाडीला फ्लॅश सेल आणि 'कम्युनिटी' लावावी का?

तापी_टूर (जळगाव)

नमस्कार मंडळी. घरचा सहलींचा धंदा आहे. दोन टेम्पो ट्रॅव्हलर, १७ सीटर. उज्जैन-ओंकारेश्वर बाराही महिने, थंडीत तोरणमाळ, दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा. मुंबई-पुण्याचे पाहुणे आले तर अजिंठा आणि शेतात भरीत पार्टी. वेबसाइट आहे, पण सध्या ती फोन नंबर दाखवण्यापुरतीच. बुकिंग नाना (वडील) वहीत लिहितात.

पुण्याच्या एका डेव्हलपरने १ लाख ४० हजारांचं कोटेशन दिलंय. दर शुक्रवारी रात्री फ्लॅश सेल (थोड्या वेळापुरती सवलत), वर उलटं चालणारं घड्याळ, 'आत्ता २३ जण ही सहल बघत आहेत', प्रत्येक प्रवाशाचं प्रोफाइल, फॉलो, लाइक, कमेंट, 'या सहलीला कोण कोण येतंय' अशी यादी, मित्राला आणलं तर पॉइंट. त्याचं म्हणणं, साइटवर नुसतं विकून भागत नाही, लोक तिथे रेंगाळले पाहिजेत. नाना म्हणतात, "गाडी भरायची तर फोन उचला."

आकडे देतो, नाहीतर सगळे हवेत सल्ले देतील. उज्जैन-ओंकारेश्वर माणशी ५,२०० रुपये. त्यातले राहणं-जेवण मिळून साधारण २,१०० जातात. गाडीचा खर्च (डिझेल, टोल, मध्य प्रदेशचा टॅक्स, ड्रायव्हरचा भत्ता, हप्ता) २४ हजारांच्या आसपास, दहा बसले काय न् सोळा बसले काय. एक सीट आमच्या पोराची, म्हणजे विकायला १६. दिवाळीच्या सुट्टीत गाडी भरते, बाकी वेळी दहावर अडकते. उरलेल्या सहा सीट शुक्रवारी ३,५०० ला काढायच्या असा बेत आहे. करू का?

चाळीसगाव_एक्सप्रेस

लाव भो, बिनधास्त. घड्याळ पळताना दिसलं की माणूस विचार करत बसत नाही. विमानवाल्यांनी १ रुपयात तिकीट काढलं होतं तेव्हा अख्ख्या देशात चर्चा झाली होती. आणि रिकामी सीट नेण्यापेक्षा ३,५०० काय वाईट?

परत_आलेला (अमळनेर)

मुंबईत हॉटेलच्या खोल्या ऑनलाइन विकणाऱ्या एका कंपनीत बरीच वर्षं काढली, आता गावी आहे. जरा लांबलचक लिहितो.

आधी विमानाचं. एप्रिल २०१४ मध्ये स्पाइसजेटने १ रुपया मूळ भाड्याचा सेल लावला (कर आणि शुल्क वेगळं), आणि विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएने तो थांबवायला सांगितला. पण आपल्या कामाचा मुद्दा निराळा आहे. विमानात शेजारच्याने किती पैसे मोजले ते कुणी विचारत नाही. जळगावहून निघालेल्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये चोपडा यायच्या आत विचारून होतं! ५,२०० भरलेल्या काकूंना पुढच्या सीटवरचा ३,५०० चा माणूस दिसला की त्या ओंकारेश्वरपर्यंत तोंड फिरवून बसतील, आणि पुढच्या वर्षी शुक्रवारची वाट बघतील. भाव चोरून कमी करायचा तर गिऱ्हाईक एकमेकांना अनोळखी लागतं. तुमच्या गाडीत कोण कुणाचा मावसभाऊ, कोण कुणाची विहीण. त्यावर तुमचा डेव्हलपर त्याच साइटवर कमेंट आणि 'कोण कोण येतंय' पण टाकतोय. म्हणजे एका हाताने भाव लपवायचा आणि दुसऱ्या हाताने सगळ्यांना एका ओट्यावर आणून बसवायचं.

मोठ्या कंपन्यांनी सेलला लॉगिन का लावलं, तेही बघा. हॉटेलची आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही, म्हणून मालक पडेल भावात द्यायला तयार असतो. पण तो भाव चारचौघांत छापता येत नाही. बुकिंग साइटांच्या करारांत अट असायची की आमच्यापेक्षा स्वस्त दुसरीकडे दाखवायचं नाही. अशा अटी आणि बाकी कारणांवरून स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटींचा दंड केला. अमेरिकेत गिल्ट ग्रुप या ऑनलाइन सेलच्या कंपनीने २००९ मध्ये जेटसेटर ही प्रवासाची साइट काढली ती याच युक्तीवर: सदस्यांनाच दिसणारा सेल, म्हणजे भाव जगजाहीर झाला असं कुणाला म्हणता येत नाही. लोकांना वाटलं क्लब आहे, धंद्याच्या नजरेने ते कुंपण होतं. २०१३ मध्ये जेटसेटर विकत घेतलं कुणी? ट्रिपॲडव्हायझरने, ज्यांनी २००० सालापासून प्रवाशांचे बरेवाईट अनुभव साठवून ठेवले होते. 

तुम्हाला कुंपण हवंच असेल तर ते फुकट आहे: व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट. एका यादीत २५६ नंबर, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो, म्हणजे जुनं गिऱ्हाईक आपोआप गाळून निघतं. सारंगखेड्याला तंबू उरले, तोरणमाळला खोल्या उरल्या, तर त्या तिथे काढा. राहण्याच्या जागेचा सेल मला मान्य आहे. सीटचा नाही.

तापी_टूर

दादा, काकूंचं अगदी बरोबर. नाना वाचून हसले. पण मग दहावर अडकलेली गाडी हलवायची कशी?

परत_आलेला

सगळ्यांना एकच भाव ठेवा, पण तो भाव गाडी किती भरली यावर ठरू द्या. ग्रुपॉन ही सवलतीची कूपनं विकणारी साइट २००८ मध्ये शिकागोत निघाली तेव्हा तिची मूळ कल्पना हीच होती: ठरावीक संख्या जमली तरच सवलत लागू, नाहीतर कुणालाच नाही. रेस्टॉरंटच्या कूपनाला ती संख्या ओढूनताणून लावलेली असायची. तुमच्या गाडीला ती खरी आहे, कारण २४ हजार खरोखर वाटले जातात.

तुमच्याच आकड्यांवर करू. आज दहा जण पूर्ण भावात: माणशी ३,१०० (५,२०० वजा २,१००) गुणिले १० म्हणजे ३१,०००, गाडी वजा जाता उरले ७,०००. सेलवाला मार्ग: त्यात सहा सीटचे १,४०० प्रमाणे ८,४०० मिळवा, उरले १५,४००. माझा मार्ग: सोळा झाले की सगळ्यांना ४,६००. माणशी २,५०० सुटतात, ४०,००० झाले, उरले १६,०००. पैसा जवळपास तेवढाच, पण गाडीत रुसवा नाही. आणि आधी बुकिंग केलेल्या दहा जणांना शेजाऱ्याला ओढून आणायचं स्वतःच्या खिशाचं कारण मिळालं, पॉइंट-बिइंट न वाटता.

एक खाच आहे. ज्या तारखेला तेरा माणसं पूर्ण भावात आपसूक येतात तिथे हे लावू नका. तेरा जणांवरच १६,३०० उरतात, मग तीन जास्तीची माणसं वाहून नेऊन कमी का कमवायचं? म्हणून दिवाळीला नाही, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी आलेल्या असतात तेव्हा नाही. रिकाम्या आठवड्यांनाच.

साइटवर एवढंच दाखवा: '१६ पैकी ११ झाल्या. १६ झाल्या तर सगळ्यांना ४,६००.' खाली व्हॉट्सॲपवर पाठवायचं बटण. झाली तुमची सोशल साइट.

धुळ्याची_मास्तरीण

मी गिऱ्हाईक म्हणून लिहिते. आमच्या भिशीच्या बायकांची सहल दरवर्षी मीच जमवते.

'कोण कोण येतंय' ही यादी साइटवर अजिबात नको. सुट्टीत कोणाचं घर कुलूपबंद आहे ते आम्ही चोरांना कशाला सांगायचं? शिवाय आमच्यातल्या निम्म्या जणी फोटोसुद्धा टाकू देत नाहीत, सासरी आणखी कोणी बघायला नको म्हणून. अकरा झाल्या एवढा आकडा कळला की पुरे. त्या अकरा कोण ते आम्ही फोनवर विचारतोच, आणि तुमचे नाना सांगतातही.

मला साइटवर काय हवं ते सांगते. गाडी किती वाजता कुठून निघते, वरची बर्थ नसलेली खोली (हसू नका, ओंकारेश्वरच्या धर्मशाळेत काय काय बघितलंय), संडास पाश्चात्त्य आहे का भारतीय, गुडघेदुखीवाल्यांना पायऱ्या किती, ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला रांगेत साधारण किती वेळ जातो. हे प्रश्न प्रत्येक सहलीआधी मी विचारते आणि प्रत्येक वेळी कोणीतरी नव्याने उत्तर देतं. आधीच्या बायकांनी विचारलेलं आणि नानांनी दिलेलं उत्तर तिथे लिहून ठेवलं, तर मला निम्मे फोन करावे लागणार नाहीत.

आणि ते घड्याळ. मला सहल ठरवायला पंधरा जणींच्या नवऱ्यांच्या सुट्ट्या जुळवाव्या लागतात. दहा मिनिटांचं घड्याळ दिसलं की मी पान बंद करते.

चाळीसगाव_एक्सप्रेस

ताई, घड्याळावरून माझी विकेट गेली. 😄 पण कमेंट तरी असू द्या की, साइट जिवंत वाटते.

परत_आलेला

मास्तरीणबाईंनी जे सांगितलं ती प्रश्नोत्तरं ठेवा, खुली कमेंट नको. वेबसाइटी लोक कशा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नील्सनने २००६ मध्ये मांडलेलं प्रमाण आहे: शंभरातले नव्वद नुसतं वाचतात, नऊ कधीमधी लिहितात, एकजण सतत लिहितो. लाखो लोक येतात तिथे त्या एका टक्क्यातसुद्धा गर्दी होते. तुमच्या साइटवर महिन्याला तीनशे माणसं आली तर तीन लिहिणार, त्यातला एक तुमचा चुलतभाऊ. '० लाइक, ० कमेंट' लिहिलेलं पान बंद दुकानापेक्षा वाईट दिसतं.

'आत्ता २३ जण बघत आहेत' हे तर काढूनच टाका. आकडा खोटा असेल तर ते बेकायदेशीर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविरुद्ध (साइटवर गिऱ्हाईकाला फसवून घेणाऱ्या युक्त्यांविरुद्ध) मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात १३ प्रकार दिलेत. खोटी घाई पहिल्याच क्रमांकावर. न विचारता टोपलीत विमा टाकणं आणि शेवटच्या पानावर भाव वाढवणं हेही त्यात आहे. डेव्हलपरला विचारा तो २३ कुठून आणणार. बहुतेक ठिकाणी तो एक रँडम आकडा असतो, मी आत बसून बघितलंय.

त्याच्याकडून खरं काम हे करून घ्या. पैसे भरायला लागल्यावर सीट दहा मिनिटं राखून ठेवायची, नाहीतर शेवटची सीट दोघांना विकली जाते. यूपीआय अडकतं तेव्हा माणूस ब्राउझर बंद करून टाकतो, म्हणून 'पैसे आले' हे गेटवेकडून (ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीकडून) थेट सर्व्हरला कळलं पाहिजे, गिऱ्हाईक पानावर परत येईल या भरवशावर नाही. वहीतली बुकिंगही त्याच यादीत चढली पाहिजेत, कारण अर्धी माणसं नानांनाच फोन करणार. आणि लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली की खाली गाडीचा फोटो, तारीख आणि भाव दिसायला हवा. तिथे कंपनीचा लोगो दिसला तर कोणी उघडत नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये कांदा कडाडला होता तेव्हा ग्रुपॉनने भारतात ९ रुपये किलोने विकला आणि त्यांची साइट बसली. तुमच्याकडे तेवढी गर्दी होणार नाही, त्यामुळे 'दहा हजार लोक एकदम आले तरी चालेल' असा सर्व्हर कोटेशनमध्ये असेल तर तोही कापा.

तापी_टूर

डेव्हलपरशी बोललो. प्रोफाइल, फॉलो, घड्याळ, २३ जण हे सगळं वजा करून तो ४५ हजारांवर आला, थोडा हिरमुसला. वहीतलं बुकिंग मोबाइलवरून चढवायचं पान त्यात धरलंय. नानांची एकच शंका: सोळा झाले नाहीत तर काय? आणि आधी ५,२०० भरलेल्यांचा फरक कसा द्यायचा?

परत_आलेला

सगळ्यांकडून १,५०० ॲडव्हान्स घ्या, पूर्ण पैसे घेऊच नका. निघायच्या तीन दिवस आधी रात्री यादी बंद करा. सोळा झाले तर बाकी ३,१००, नाही झाले तर बाकी ३,७००. गाडी दोन्ही वेळी निघणार, हे पानावर मोठ्या अक्षरात लिहा. परत करायची वेळच येत नाही. आणि यादी बंद झाल्यावर सीट सुटली तर ती त्याच भावात द्यायची, कमी नाही. नानांचे मित्र फोन करतील तेव्हासुद्धा.

धुळ्याची_मास्तरीण

जानेवारीतली एखादी रिकामी तारीख सांगा. आमच्या बारा जणी आहेत, चार तुम्ही जमवा. आणि पायऱ्यांचं उत्तर अजून मिळालेलं नाही.